रंग कुणाचा खरा?

घरबसल्या इरकली साड्या विकायचा माझा छोटासा उद्योग. साडीचा फोटो काढायचा, संगणकावर नीटनेटका करायचा आणि गिऱ्हाइकांच्या फोनवर पाठवायचा. सगळं छान चाललं होतं. पण गेल्या वर्षी वन्संच्या मुलीचं लग्न ठरलं अन् माझी चांगलीच परीक्षा झाली.

मानाच्या सहा साड्या वन्संनी माझ्याकडूनच घ्यायच्या ठरवल्या. रुसवेफुगवे नकोत म्हणून सहाही एकाच रंगाच्या. फोटो पाहून त्यांनी डाळिंबी रंग पसंत केला. पार्सल फोडलं तर आत वांगी रंग! लगेच फोन आला. "अगं, घरच्याच माणसांना फसवतेस होय?" आणि धाडकन फोन बंद. मी रडकुंडीला आले. साडी हातात धरून, पडद्याशी ताडून मीच तर तो रंग जुळवला होता!

आमची सूनबाई छापखान्यात चित्रांची मांडणी करते. ती म्हणाली, "आई, फसवलं कुणीच नाही. तुमचा मॉनिटर निळसर झालाय."

म्हणजे असं, की पडद्यावरचा प्रत्येक ठिपका तांबडा, हिरवा आणि निळा प्रकाश मिसळून रंगतो. फोटोत साठवलेले असतात ते नुसते आकडे, 0 ते 255. पण पूर्वी एका गावची पायली दुसऱ्या गावच्या पायलीशी जुळत नसे ना, तसं एकाच आकड्याचं माप प्रत्येक पडदा वेगळं घालतो. माझा पडदा निळं जास्त ओतत होता. म्हणून फोटो निळा दिसला, अन् मी त्यात तांबडं वाढवत गेले. माझ्यापुरता रंग जुळला, जगापुरता बिघडला! शिवाय रोजच्या पडद्याला डोळा सरावतो. दोष दिसतच नाही.

यावर उपाय म्हणून 1996 साली हेवलेट-पॅकार्ड आणि मायक्रोसॉफ्ट या कंपन्यांनी 'एसआरजीबी' नावाचं सामाईक माप सुचवलं. 1999 साली ते आंतरराष्ट्रीय प्रमाण झालं. फोटो साठवताना हे माप निवडायचं आणि त्याची चिठ्ठी, म्हणजे 'प्रोफाइल', फोटोसोबत राहू द्यायची.

पण पडदा तर सरळ हवा! सूनबाईनं एक छोटं यंत्र आणून पडद्यावर टेकवलं. एकामागून एक रंगाचे चौकोन आले, यंत्रानं ते मोजले आणि माझ्या पडद्याची चूक भरून काढणारं प्रोफाइल तयार झालं. मग तोच फोटो उघडला, तर काय! माझ्याच पडद्यावर साडी डाळिंबी! मी ओशाळले.

लगेच वन्संना फोन लावून माफी मागितली. बोलता बोलता कळलं, त्यांनी फोटो पाहिला तो रात्री, डोळ्यांना त्रास नको म्हणून फोनचा प्रकाश पिवळा करून. त्यात निळं कमी पडतं, म्हणून उरलीसुरली जांभळी झाकही गेली. दोघीही हसलो. पाच साड्या मी बदलून दिल्या. सहावी त्यांनी ठेवून घेतली. "वांगी रंगही वाईट नाही गं!"

मैत्रिणींनो, आता मी फोटो खिडकीशी, दिवसाउजेडी काढते. कडक ऊन नको आणि दिव्याचा उजेड त्यात मिसळायला नको. शेजारी पांढरा कागद ठेवते. तो कागद पडद्यावर पिवळा-निळा दिसला, की समजावं पाणी कुठेतरी मुरतंय. आणि गिऱ्हाइकाचा फोन काही माझ्या हातात नाही, म्हणून रंगाचं नाव स्पष्ट लिहिते अन् फोनचा पिवळा प्रकाश बंद करून पाहायला सांगते. मोठी खरेदी असेल तर त्याच कापडाचा तुकडा टपालानं पाठवते.

दुकानात ट्यूबलाइटखाली आवडलेली साडी आपण दारात, उजेडात नेऊन पाहतोच की. पडद्यालाही तसंच एकदा दारात न्यायला हवं!