हृदयाची तालीम

टेकडीवरील देवळाच्या पायऱ्या धावत चढून जाणारा मुलगा वर पोहोचताच क्षणभर थबकतो. त्याच्या छातीत जणू घण पडत असतात, कानशिले तापलेली असतात, कपाळावरून घाम ओघळत असतो आणि तोंडातून शब्द फुटत नाही. ते पाहून बरोबरची वडील माणसे काळजीने म्हणतात, "अरे, पुरे कर आता! छाती फुटेल!" त्या बोलण्यात माया असते, तसाच एक जुना गैरसमजही असतो. धडधडणारे हृदय म्हणजे संकटात सापडलेले हृदय, ही समजूत एके काळी साध्या माणसांचीच नव्हे, तर पुष्कळ डॉक्टरांचीही होती. त्या धडधडीचा खरा अर्थ उमगण्यास बराच काळ जावा लागला.

हृदय हा मुठीएवढा पोकळ स्नायू आहे. ते रक्त धमन्यांतून शरीरभर पाठवते आणि तेच रक्त शिरांवाटे पुन्हा हृदयाकडे येते, हे इंग्लंडमधील विल्यम हार्वे या वैद्याने १६२८ मध्ये आपल्या ग्रंथात सप्रमाण दाखवून दिले. प्रौढ माणूस स्वस्थ बसला असता त्याच्या हृदयाचे मिनिटाला सुमारे ७२ ठोके पडतात; लहान मुलांचे याहून काहीसे अधिक. दर ठोक्याला सुमारे ७० मिलिलिटर रक्त पुढे ढकलले जाते. म्हणजे मिनिटाला ५ लिटर, आणि चोवीस तासांत सुमारे ७,००० लिटर! एवढ्या वेळात ठोके पडतात एक लाखाहून अधिक. रात्री धनी झोपी जातो. हा सेवक मात्र क्षणभरही रजा मागत नाही.

माणूस धावू लागला की पायांचे स्नायू अधिक प्राणवायू मागू लागतात. प्राणवायू रक्तातून येतो, म्हणून रक्त अधिक वेगाने धाडावे लागते. हृदयाचे ठोके वाढतात आणि प्रत्येक ठोका अधिक जोरकस होतो. निरोगी प्रौढ माणूस नेटाने धावत असताना त्याचे हृदय मिनिटाला २० लिटरपर्यंत रक्त फिरवू शकते. पायांच्या स्नायूंकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या रुंदावतात, पोटाकडे जाणाऱ्या आकुंचन पावतात. भरल्या पोटी धावू नये, असे जाणती माणसे सांगतात, त्याचे एक कारण हेच. धाप लागते ती प्राणवायू आत घेण्यासाठी आणि नको असलेला वायू बाहेर टाकण्यासाठी. घाम येतो तो तापलेले अंग निववण्यासाठी. तेव्हा निरोगी मुलाची धाप, घाम आणि धडधड ही दुबळेपणाची लक्षणे नव्हेत. मागणी वाढताच सारे शरीर कामाला लागल्याची ती खूण होय.

याहून नवलाची गोष्ट पुढेच आहे. कुस्तीच्या आखाड्यात रोज घुमणाऱ्या मल्लाचे दंड जसे हळूहळू पिळदार होतात, तसेच नियमाने धावणाऱ्याचे, पोहणाऱ्याचे हृदयही महिन्यामहिन्याने बळकट होत जाते. त्याच्या कप्प्यात अधिक रक्त मावू लागते. ज्या कामासाठी पूर्वी ७२ ठोके लागत, ते आता कमी ठोक्यांत उरकते. कसलेल्या धावपटूच्या हृदयाने विश्रांतीच्या वेळी एका ठोक्याला १०० मिलिलिटर रक्त पुढे लोटले, तर त्याला मिनिटाला ५० ठोके पुरतात. मिनिटाला २२ ठोके वाचले, तर दिवसाकाठी ३१ हजारांहून अधिक ठोक्यांची बचत होते! व्यायामाच्या तासाभरात झालेली धडधड हृदय उरलेल्या तेवीस तासांत सव्याज फेडून घेते. मात्र ही मिळकत कायमची नसते. व्यायाम सोडला की काही आठवड्यांतच ती ओसरू लागते.

ही गोष्ट लोकांच्या गळी सहजासहजी उतरली नाही. १८९९ मध्ये स्वीडनमधील हेन्शेन या डॉक्टरांनी बर्फावरून घसरत लांब पल्ल्याच्या शर्यती करणाऱ्यांच्या छातीवर बोटांनी ठोकून, त्या आवाजावरून त्यांची हृदये मोठी झाली असल्याचे ताडले. असे हृदय अधिक काम करू शकते, असे त्यांचे मत होते; परंतु इतर अनेकांना त्यात रोगाची चाहूल लागली. या भीतीचा जाच स्त्रियांना अधिक झाला. १९२८ च्या अॅमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये स्त्रियांची ८०० मीटर शर्यत प्रथमच झाली. अंतिम फेरीत नऊ जणी धावल्या आणि नऊही जणींनी शर्यत पुरी केली. जर्मनीच्या लीना राडके पहिल्या आल्या. शर्यत संपल्यावर काही जणी धापा टाकीत मैदानावर आडव्या झाल्या, एवढेच निमित्त झाले. स्त्रियांच्या देहाला असले श्रम सोसणार नाहीत, असा गवगवा उठला आणि ही शर्यत ऑलिंपिकमधून काढून टाकण्यात आली. ती परत आली १९६० मध्ये, रोम येथे. धापेचा खोटा अर्थ लावल्यामुळे बत्तीस वर्षे किती तरी मुलींची संधी हुकली.

खरा अर्थ शोधण्याच्या कामी लंडनच्या दुमजली बसगाड्यांचे मोठे साहाय्य झाले. जेरेमी मॉरिस या डॉक्टरांनी आपल्या सहकाऱ्यांसह तेथील बसचालक व कंडक्टर यांच्या प्रकृतीची तुलना केली. गाडी एकच, रस्ते तेच. परंतु चालक दिवसभर बसून राहत असे, तर कंडक्टर तिकिटे देण्यासाठी दिवसाकाठी पाचशेहून अधिक पायऱ्या चढत असे. १९५३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात असे आढळले की, कंडक्टरांना हृदयविकार चालकांपेक्षा कमी होत असे. झालाच, तर तो उशिरा आणि सौम्य स्वरूपात होत असे.

मॉरिस तेवढ्यावर थांबले नाहीत. चालक मुळातच स्थूल असतील तर? ही शंका स्वतःच उपस्थित करून त्यांनी बसकामगारांच्या गणवेशांची मापे तपासली. चालकांच्या विजारींचा कंबरेचा घेर खरोखरच अधिक निघाला आणि तोही नोकरीला लागल्यापासूनचा! म्हणून त्यांनी पुढे बैठे काम करणाऱ्या सरकारी नोकरांचा अभ्यास केला. तेव्हाही, फावल्या वेळात नेटाचा व्यायाम करणाऱ्यांना हृदयविकार पुष्कळ कमी होतो, असेच १९७३ मध्ये दिसून आले. आपल्याला प्रिय असलेल्या मतावरही असा आक्षेप घ्यावा आणि तो तपासून पाहावा, हा खऱ्या अभ्यासकाचा बाणा होय.

अशा व्यायामाला महागडी साधने लागत नाहीत. औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः नेमाने सूर्यनमस्कार घालीत आणि त्यांनी आपल्या संस्थानातील शाळांतही ते सुरू केले. त्यासाठी चटईभर जागा पुरते. मात्र काही पथ्ये पाळावी लागतात. पहिल्याच दिवशी शंभर नमस्कार घालणाऱ्यापेक्षा बारांनी आरंभ करून रोज थोडी भर घालणारा पुढे जातो. धाव संपताच एकदम उभे राहू नये, काही वेळ चालावे. कारण पायांचे चालते स्नायू रक्त वर ढकलण्यास मदत करतात आणि ते थांबले की रक्त खाली साचून भोवळ येऊ शकते. छातीत कळ आली किंवा चक्कर आली, तर मात्र हट्ट न करता थांबावे व डॉक्टरांस दाखवावे. आणि झोपेत काटकसर करू नये. दिवसा झालेली झीज रात्रीच भरून निघते.

मॉरिस यांनी स्वतःही आयुष्यभर व्यायाम सोडला नाही. २००९ मध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा ते ९९ वर्षांचे होते. व्यायाम करणारा प्रत्येक जण इतकी वर्षे जगतोच असे नाही. तसे वचन कोणतेही शास्त्र देत नाही. परंतु जो सेवक जन्मापासून एकदाही न थांबता राबत असतो, त्याला रोज थोडी तालीम देऊन बळकट करणे प्रत्येकाच्या हाती आहे.