नाव नसलेला अवयव

सौंसर-पांढुर्ण्याच्या आमच्या जुन्या मराठी घरांत पाळीला ‘कावळा शिवला’ म्हणत आणि गर्भाशयाला नुसती ‘पिशवी’. आमच्या काकूंची पिशवी चाळिशीच्या आतच काढली गेली. संत्र्याच्या तोडीचे दिवस होते. अंगावर फार जाई. ‘मुले झाली, आता तिचे काय काम?’ या प्रश्नावर आम्हीही मान डोलावली. दोन्ही बीजकोशही सोबत गेले, हे पुढे हाडे ठिसूळ झाली तेव्हा जुन्या कागदांवरून कळले.

गर्भाशय मुठीएवढे, त्याच्या दोन्ही अंगांना बदामाएवढे बीजकोश. दरमहा त्यांतून सुटलेले बीज बीजवाहिनीतून गर्भाशयाकडे येते. गर्भ न राहिल्यास तेथील अस्तर गळते, तीच पाळी. हाडांना जपणारे इस्ट्रोजेनही मुख्यतः बीजकोशांतच तयार होते. हे आम्हांस ठाऊक असते, तर निदान एक प्रश्न तरी विचारला असता.

आनंदीबाई जोशी १८८६ साली डॉक्टर झाल्या, र. धों. कर्व्यांनी १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ सुरू केले. तरीही २०१९ साली बीडच्या ऊसतोड स्त्रियांवरील अशाच शस्त्रक्रियांची चौकशी करावी लागली. शब्द ग्रंथांत होते, माजघरात नव्हते.

काकूंच्या नातीला आम्ही आता प्रत्येक अवयव नाव घेऊन सांगतो. काकू शेजारी बसून ऐकतात.