सभासदत्व आणि साधना

अहिल्यानगर

चि. भाचीस,

‘धार्मिक नाही, पण आध्यात्मिक आहे’ हे तुझ्या पत्रातील वाक्य शिकलेल्या तरुण पिढीत आता इतके रुळले आहे की ते उच्चारणाऱ्याकडे त्याचा खुलासा सहसा कोणी मागत नाही. या वाक्यात दोन गोष्टी गृहीत धरलेल्या असतात : पूजा, उपवास, आरती, यात्रा हे सारे धर्माच्या बाजूचे, आणि मनाची शांती, ध्यान, अंतर्मुखता हे अध्यात्माच्या बाजूचे. असा भेद करणारी तुझी पिढी पहिली नव्हे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी १९०२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या व्याख्यानांत संस्थेचा धर्म आणि व्यक्तीचा धर्म असे दोन भाग पाडून केवळ दुसऱ्याचाच विचार केला होता, आणि आज जगभर जी भाषा बोलली जाते तिचे एक मूळ त्या विभागणीत सापडते. परंतु नगर जिल्ह्यात गेल्या काही शतकांत जी माणसे आध्यात्मिक म्हणून ओळखली गेली, त्यांच्या आयुष्यांकडे पाहिले असता भेदाची रेषा जेम्स यांनी आखली तेथून जात नाही, आणि तुझ्या वाक्यात ती जेथे आहे तेथून तर नाहीच नाही.

विवेचनाच्या सोयीसाठी तीन गोष्टी वेगळ्या करणे आवश्यक आहे. पहिली साधना, म्हणजे ईश्वराकडे किंवा सत्याकडे जाण्यासाठी माणूस नेमाने करतो ते आचरण. दुसरी कर्मकांड, म्हणजे ठरलेल्या रीतीने करावयाचे विधी. आणि तिसरी सभासदत्व, म्हणजे ‘आत’ कोण आणि ‘बाहेर’ कोण हे ठरवण्याचा एखाद्या समाजाचा, पंथाचा वा संस्थेचा अधिकार. तुझ्या वाक्यात दुसरी आणि तिसरी गोष्ट एकाच गाठोड्यात बांधून टाकून दिली आहे. या जिल्ह्यातील साधकांनी मात्र विधी बहुधा सांभाळले आणि सभासदत्वाशीच झगडा मांडला, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचे होय. अमेरिकन मराठी मिशन १८३१ साली अहमदनगरात आले, येथूनच १८४२ साली ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक निघू लागले, आणि त्याच मिशनच्या आश्रयाने, १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतलेले टिळक नगरला येऊन राहिले. बाप्तिस्मा म्हणजे पाण्याच्या संस्काराने ख्रिस्ती मंडळीत होणारा प्रवेश. एका चित्पावन ब्राह्मण कवीच्या बाबतीत या प्रवेशाचा दुसरा अर्थ असा होता की ज्या समाजात तो जन्मला त्याचे दार त्याच दिवशी बंद झाले. टिळकांनी नंतर जे केले ते लक्षात घेण्यासारखे आहे. मिशनने सोबत आणलेल्या परदेशी चालींवरच न थांबता त्यांनी अभंग आणि भजने रचली, ख्रिस्तचरित्राची कीर्तने उभी केली आणि आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, अशी भूमिका घेतली. म्हणजे संप्रदाय सोडताना त्या संप्रदायाची साधना त्यांनी सोडली नाही. टाळ, अभंग आणि कीर्तनाची उभी परंपरा नव्या देवासाठी जशीच्या तशी वापरात राहिली. कर्मकांडाचा तिटकारा हेच अध्यात्माचे लक्षण असते, तर टिळकांना प्रार्थनेची एखादी कोरडी, शब्दहीन पद्धत पुरली असती. ती त्यांना कधीच पुरली नाही.

त्यांच्या आयुष्यातील दुसरे वळण तर या प्रश्नाच्या मुळाशीच जाते. १९१७ साली, मिशनच्या सेवेत वीस वर्षांहून अधिक काळ घालवल्यानंतर, टिळकांनी मिशनचा राजीनामा दिला, त्याबरोबर पगारही सोडला, संन्यास घेतला आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ नावाची एक बंधुमंडळी सुरू केली. या दरबाराची कल्पना अशी होती की ख्रिस्ताला गुरू मानणारा माणूस त्यात यावा, मग त्याने बाप्तिस्मा घेतलेला असो वा नसो. ज्या संस्काराची किंमत त्यांनी स्वतः जात, गोत आणि काही वर्षे कुटुंबही गमावून चुकती केली होती, त्याच संस्काराची अट त्यांनी इतरांसाठी दारातून काढून घेतली. त्यांनी बाप्तिस्मा खोटा ठरवला नाही, चर्चवर बहिष्कारही घातला नाही. एवढेच नाकारले की भक्तीचा अधिकार सभासदांच्या यादीवरून ठरतो. पगार सोडण्याचा मुद्दाही गौण समजू नये, कारण धर्मोपदेशक जोवर संस्थेचा नोकर असतो तोवर त्याचे शब्द कोणाच्या वतीने बोलले जात आहेत ही शंका ऐकणाऱ्याच्या मनात राहतेच. (ध्यानाच्या ॲपची मासिक वर्गणी भरणाऱ्यांनी या मुद्द्यावर थोडा वेळ थांबावयास हरकत नाही.) टिळक ९ मे १९१९ रोजी वारले आणि दरबाराला पुरते रूप येण्याआधीच त्याचा आधार गेला.

शिर्डीचे उदाहरण अधिक परिचित असले तरी ते बहुधा उलट्या बाजूने वाचले जाते. साईबाबांचा जन्म कोणत्या धर्मात झाला हे निश्चितपणे सांगता येत नाही, आणि या अनिश्चिततेवरून त्यांना ‘धर्मापलीकडचे’ ठरवणे सोपे जाते; प्रत्यक्षात त्यांचे दैनंदिन जीवन आचारांनी भरलेले होते. ते मशिदीत राहिले, तिला द्वारकामाई म्हणाले, तेथे धुनी म्हणजे अखंड पेटता अग्नी ठेवला, तिची राख उदी म्हणून वाटली, दिवे लावले, भिक्षा मागितली. १८९७ साली त्यांच्या भक्तांनी उरूस, म्हणजे मुसलमान सत्पुरुषाच्या नावाने भरणारा वार्षिक उत्सव, सुरू केला तो रामनवमीला, आणि १९१२ पासून त्याच दिवशी रामजन्माचा उत्सवही होऊ लागला. एकाच दिवशी एकाच गावात संदलाची मिरवणूक आणि रामाचा पाळणा. येथे विधी कमी झालेला नाही, वाढलेला आहे. नाहीसे झाले आहे ते ‘हा विधी कोणाचा’ हे विचारण्याचे बळ. १५ ऑक्टोबर १९१८ रोजी, विजयादशमीला, बाबांचे निर्वाण झाल्यानंतर मात्र १९२२ साली संस्थान स्थापन झाले, आणि आज त्याचा कारभार २००४ च्या स्वतंत्र राज्य कायद्यानुसार चालतो. दर्शनाच्या रांगा, पास आणि देणग्या पाहून अनेकांना वाटते की अध्यात्माचा धर्म झाला. हा निष्कर्ष अर्धाच खरा आहे, कारण रांग कितीही लांब असली तरी तेथे कोणाचीही जात वा धर्म विचारून त्याला परत पाठवले जात नाही.

नगरजवळच्या अरणगावातील मेहेराबाद येथे हाच प्रश्न वेगळ्या तऱ्हेने उभा राहतो. पुण्याच्या इराणी झरथुष्ट्री कुटुंबात १८९४ साली जन्मलेले मेहेरबाबा १० जुलै १९२५ पासून ३१ जानेवारी १९६९ रोजी देह ठेवीपर्यंत मौनात राहिले. आधी अक्षरफलकावरून आणि १९५४ नंतर हातांच्या खुणांनी ते बोलत. नवा धर्म स्थापन करण्यास आपण आलो नाही, असे ते सांगत. त्यांच्या समाधीवर आज सकाळ-संध्याकाळ आरती होते, त्यांच्या निर्वाणाचा दिवस अमरतिथी म्हणून हजारो लोक पाळतात. यात कोणाला विसंगती दिसेल. परंतु प्रेम असलेल्या ठिकाणी माणसे वेळ, जागा आणि शब्द ठरवून घेतातच, आणि त्या ठरवण्यालाच विधी म्हणतात. विसंगती त्या दिवशी सुरू होईल ज्या दिवशी आरतीला कोणी उभे राहावे याचे नियम होतील.

असे नियम होतात तेव्हा काय घडते हे याच जिल्ह्यातील शनिशिंगणापूरने दाखवले. तेथील शनीच्या चौथऱ्यावर स्त्रियांना जाऊ दिले जात नव्हते. मंदिरप्रवेशाचा हक्क देणारा १९५६ चा राज्य कायदा अस्तित्वात असूनही स्त्रियांना आंदोलन करावे लागले, उच्च न्यायालयात जावे लागले, आणि ८ एप्रिल २०१६ रोजी, गुढीपाडव्याच्या दिवशी, विश्वस्तांनी तो चौथरा त्यांना खुला केला. या आंदोलनातील स्त्रियांना ‘पूजेत काय ठेवले आहे’ असे सांगून घरी पाठवणारे लोकही कमी नव्हते, आणि तो सल्ला वरकरणी आध्यात्मिक वाटला तरी त्याने बंद दाराचीच राखण केली असती. विधी तुच्छ आहे असे म्हणण्याची सोय ज्याला विधीपासून कधी कोणी रोखले नाही त्यालाच असते.

शिर्डीपासून काही किलोमीटरवरील साकोरी येथे उपासनी महाराजांनी वसवलेले कन्याकुमारी स्थान या दृष्टीने विचारात घेण्याजोगे आहे. साईबाबांचे शिष्य असलेले हे महाराज आचारविचाराने सनातनी ब्राह्मण होते आणि त्यांच्यावर टीकाही पुष्कळ झाली. परंतु त्यांनी व्रतस्थ कन्यांना वेदमंत्र शिकवले आणि यज्ञ त्यांच्या हातून करवले. १९४१ साली महाराज वारल्यावर गोदावरीमातांनी ती परंपरा चालवली. यज्ञ हे कर्मकांडाचे अगदी टोक, आणि शतकानुशतके स्त्रियांना ज्यात यजमानाच्या पत्नीपलीकडे स्थान नव्हते असा तो विधी. तो मोडला गेला नाही, त्याच्या वेदीजवळ बसण्याचा अधिकार बदलला. तुझ्या वाक्यातील कोणत्या खणात साकोरीची ती कन्या बसवावी, याचे उत्तर पुढील पत्री अवश्य कळवावे.

वाचनासाठी ग्रंथ सुचवावा असे लिहिले आहेस, तर लक्ष्मीबाई टिळकांचे, १९३४ पासून भागशः प्रसिद्ध झालेले ‘स्मृतिचित्रे’ आधी घ्यावे आणि पतीच्या धर्मांतरानंतरची ताटातूट, पंढरपुरातील दिवस आणि राहुरीतील नवा संसार हा भाग सावकाश वाचावा. टिळकांच्या शोधाचा खर्च घरात कोणी भरला, सोवळेओवळे एका स्त्रीच्या मनातून केवढ्या झटापटीने सुटले आणि ते सुटल्यावरही तिची विनोदबुद्धी कशी शाबूत राहिली, हे त्यात आहे. घरच्या कपाटातील जुनी प्रत पोस्टाने पाठवली आहे. मधली काही पाने सुटी झाली आहेत, ती जपून उलटावीत.

कळावे,

तुझा मामा