फॅमिली की बॅचलर?

बदलापूरपलीकडच्या आमच्या चामटोलीत जागा शोधायला गेलं, की एजंट भाड्याच्याही आधी विचारतो, "फॅमिली की बॅचलर?" बॅचलर म्हटलं की किल्ली परत खिशात.

माझा भाचा आणि त्याचा जोडीदार नेमके दोन्हींत बसेनात. ताईची अट एकच : मामाच्या नजरेसमोर राहा. कॉलेज उल्हासनगरचं चांदीबाई ठरलं. रॅगिंगविरोधी नियमांत २०१६ पासून लैंगिक कलावरून छळण्यालाही बंदी आहे, हे भाच्याला तोंडपाठ. लोकलही सोयीची, अंबरनाथ, की पुढचंच उल्हासनगर. (बदलापूरला डब्यात शिरणं हा वेगळा अभ्यासक्रम.) अडलं ते घर.

"दोघं मित्र ना?" एजंट.

"जोडीदार," भाचा.

एजंटाने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच वधूपिता!

कायद्याचीही गंमतच. २०१८ साली सुप्रीम कोर्ट म्हणालं, हा गुन्हा नव्हे. २०२३ साली म्हणालं, लग्नाचा हक्क मात्र आम्ही देऊ शकत नाही. २०२४ साली केंद्राने राज्यांना कळवलं, रेशनकार्डापुरतं अशा जोडप्याला एकाच घरातलं धरा. म्हणजे रेशनच्या दुकानात कुटुंब आणि एजंटाच्या वहीत, सत्तरी गाठली तरी, बॅचलर!

चार घरमालकांनी नकार दिला. पाचव्या एक आजी निघाल्या. त्यांनी भाच्याला विचारलं, "भांडता का रे?"

"रोज."

"कशावरून?"

"भांडी कोणी घासायची यावरून."

आजी एजंटाला म्हणाल्या, "फॅमिली लिही."