देवदार आणि अळंबी

मनालीच्या बाजारातून चढ चढून गेले की ढुंगरीचे देवदारवन लागते. बाहेर लख्ख ऊन असले तरी आत मंद, हिरवट प्रकाश असतो. या वनात हिडिंबादेवीचे मंदिर आहे. भीमाची ही पत्नी येथे देवी म्हणून पुजली जाते. राजा बहादुरसिंगाने १५५३ साली बांधविलेल्या या मंदिराची कोरीव द्वारचौकट लाकडी आहे आणि तीन चौरस छपरांवर लाकडी फळ्याच आहेत.

देवदारु म्हणजे देवांचे लाकूड. पहाडी कारागिरांनी तेच का निवडले, याचे उत्तर त्याच्या वासात आहे. त्याच्या गाभ्यात सुगंधी तेल असते; त्यामुळे कीड व बुरशी त्याला सहसा लागत नाही.

दर्शन घेऊन आम्ही रानात शिरलो, तो एक उन्मळलेला वृक्ष आडवा पडलेला. सालीवर तळहाताएवढी, फळीसारखी कठीण अळंबी उगवली होती. बरोबरच्या मुलाने काठी उगारली. “ही झाड खाते ना?” त्याने विचारले.

खाते खरी. आपल्याला दिसते ते केवळ तिचे फळ. तिचे खरे शरीर म्हणजे लाकडात पसरलेले सूक्ष्म तंतू. चाळीस-पन्नास मीटर उंच वाढणारा देवदार सूर्यप्रकाशावर आपले अन्न स्वतः तयार करतो. अळंबीजवळ हरितद्रव्य नाही. तिला आयते अन्न हवे. अशा काही अळंब्या लाकडातील सेल्यूलोज पचवितात आणि लिग्निन बहुतांशी मागे ठेवतात. मग लाकूड तपकिरी होऊन त्याचे चौकोनी तुकडे पडतात. या खोडाचा बाहेरचा फिकट थर तसाच भुसभुशीत झाला होता. आतला गाभा मात्र अजून घट्ट होता. तोही एक दिवस झिजेल, पण फार सावकाश.

वृक्ष शतकानुशतके साठवीत जातो. अळंबी ते साठवलेले मातीला परत करते. तिने हे काम सोडले, तर पडलेल्या खोडांखाली रान गुदमरेल आणि नव्या रोपांना पोषण मिळणार नाही. देवदार अळंबीला दाद देत नाही म्हणून मंदिर टिकते. अखेरीस अळंबी जिंकते म्हणून वन टिकते.

खोडालगत वीतभर उंचीचे देवदाराचे रोप उभे होते. मी ते मुलाला दाखविले. त्याने क्षणभर पाहिले आणि काठी खाली घेतली.