मलमाचं गोत्र

बंगळुरूच्या राजाजीनगरातल्या औषधाच्या दुकानात भाजल्यावर लावायचं काही हवं असेल, तर कन्नड येण्यावाचून अडत नाही. ‘मलम’ म्हणा, दुकानदार ‘मुलामु’ म्हणत ट्यूब पुढे ठेवतो. 1949 साली आखलेली ही कारखान्यांची वस्ती, त्यामुळे भाजणं-कापणं इथे जुनंच. मराठी माणसाला वाटतं, शब्द आपला, त्यांनी दोन उकार लावले. शेजारच्या अज्जींना नेमकं उलट वाटतं. दोघांचाही दावा टिकत नाही.

मलमाचं मूळ ग्रीक ‘मालाग्मा’त सांगतात, मऊ करणारं ते मालाग्मा. पहिल्या शतकातल्या केल्सस या रोमन लेखकाच्या वैद्यकग्रंथात अशा मालाग्मांच्या कृतीच आहेत. अरबीत त्याचं ‘मरहम’ झालं, हकिमांच्या पेटीतून ते इकडे आलं. त्यांच्या वैद्यकाला आपण युनानी म्हणतो, म्हणजे ग्रीकच. वाटेत ‘र’चा ‘ल’ झाला, मराठीत ‘ह’ही गळला.

आपल्याकडे त्याआधी लेप होतेच. सुश्रुताने प्रलेप, प्रदेह, आलेप असे भेद केले आणि लेपाची जाडी म्हशीच्या ओल्या कातड्याएवढी असावी, असं मापही दिलं. (हे माप सुचायला वैद्याने गोठाही पाहिलेला असावा लागतो.) पण लेप वाळतो, वाळला की काढायचा. मलम मऊच राहतं. तिळाच्या तेलात मेण वितळवायचं, एक भाग मेणाला पाच-सहा भाग तेल, आणि त्यात औषध घोटायचं. राळेचं मलम तर घरोघरी ठाऊक: तेलात विरघळलेली राळ पाण्यात ओतून फेटत राहिलं की लोण्यासारखा पांढरा गोळा हाती येतो.

पाहुणा उपयोगी निघाला, तेव्हा वैद्यांनी त्याची मुंजच लावली. सदानंद शर्मांच्या ‘रसतरंगिणी’त तो ‘मलहर’ होऊन बसलाय, मळ हरण करणारा! व्युत्पत्ती म्हणून हे खोटं. जखमेच्या दृष्टीने मात्र इतकं चपखल की खोडावंसं वाटत नाही.

खरी गंमत त्या ट्यूबवरच्या ‘ऑइंटमेंट’ शब्दात आहे. तो लॅटिन ‘उंग्वेरे’तून, म्हणजे माखण्यातून आलेला, आणि आपला ‘अंजन’ ज्या ‘अञ्ज्’ धातूचा, तो याच घरातला. घरचं समजलेलं मलम परकं, आणि साहेबाचं ऑइंटमेंट चुलत घरातलं! काशीनाथुनी नागेश्वरराव यांनी 1893 साली मुंबईत बाम काढला आणि त्याला ‘अमृतांजन’ म्हटलं, ते कुळाला धरूनच झालं. फक्त हे अंजन कपाळाला चोळायचं. तोच हात चुकून डोळ्याला लागला, तर झणझणीत अंजन कशाला म्हणतात ते शब्दकोश न उघडता कळतं.