लोंढ्याची नाचणी आणि वर्षाची बेगमी

लोंढा म्हटले की बहुतेकांना रेल्वे स्टेशनच आठवते. बेळगाव, हुबळी आणि गोवा या तिन्ही बाजूंचे लोहमार्ग इथे एकत्र येतात. १८८८ मध्ये मार्मागोव्याहून घाट चढणारी रेल्वे कॅसलरॉकला पोचली आणि त्या सुमारास खानापूर तालुक्यातले हे रानातले गाव जंक्शन झाले. पुढे नव्वदच्या दशकात मीटरगेज जाऊन ब्रॉडगेज आले. प्रवासी इथे गाडी बदलतो, चहा पितो आणि पुढे जातो. गावात शिरून कोणाच्या स्वयंपाकघरात डोकावायला त्याला सवड नसते. ती सवड काढली तर एक मौज दिसते. एकाच नाचणीचे पातळ, आंबूस पेय मराठी घरात ‘आंबील’ असते, शेजारच्या कन्नड घरात ‘अंबली’ असते, आणि गोव्याकडून आलेल्या घरात त्याच नाचणीत गूळ आणि नारळाचे दूध पडून ‘तिझान’ होते. लोहमार्ग तीन, भाषा तीन, धान्य मात्र एकच.

माझे माहेर निपाणीकडचे, मराठी. सासर बैलहोंगलकडचे, कन्नड. त्यामुळे ‘भाकरी’ आणि ‘रोट्टी’ यांत कोणते नाव खरे, हा वाद आमच्या घरात कधीच मिटणार नाही. पण एका गोष्टीवर माझी आई आणि माझ्या सासूबाई, ज्यांना मी अत्ती म्हणते, या दोघींचे पूर्ण एकमत होते. पीठ विकत आणायचे नाही. धान्य सुगीत भरायचे आणि लागेल तसे दळायचे. आई त्याला ‘बेगमी’ म्हणे. अत्तींचे घर काळ्या मातीतले, तिथे एके काळी धान्य जमिनीतल्या हगेवात ठेवत. आपण त्यालाच पेव म्हणतो. ‘पेव फुटणे’ हा वाक्प्रचार आपण आज शिकवणीवर्गांपासून मोबाईलच्या दुकानांपर्यंत कशालाही लावतो, पण त्याच्या मुळाशी धान्याने भरलेला खड्डा आहे हे मुलांना सांगावे लागते.

मी महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवते. या दोघींचा नियम कागदावर मांडून पाहण्याचा मोह मला आवरला नाही. त्यातून जे दिसले तेच आज सांगायचे आहे.

पोत्याचे गणित

हिशेबापुरते असे धरू, की तांदूळ सोडून एका घराला दिवसाला एक किलो धान्य लागते. त्यात ज्वारी, गहू, नाचणी सगळे आले. वर्षाचे झाले ३६५ किलो. भाव सरासरी ४० रुपये धरला आणि सुगीत पोत्याने घेतल्यास किलोमागे पाच रुपये वाचतात असे मानले, तर वर्षाची बचत १,८२५ रुपये. भाव दरवर्षी बदलतात, म्हणून वाचकांनी आपापल्या बाजारातले आकडे घालून पाहावे; पद्धत तीच राहील. तयार पिठाच्या पाकिटाशी तुलना केली तर फरक आणखी वाढतो, मात्र त्यातून गिरणीवाल्याचे दळणाचे पैसे वजा करायला हवेत.

करातही एक बारीक गोष्ट आहे. १८ जुलै २०२२ पासून पंचवीस किलोपर्यंतच्या पाकीटबंद, लेबल लावलेल्या धान्यावर आणि पिठावर पाच टक्के जीएसटी लागू झाला. समोर मोजून आपल्या पोत्यात घेतलेल्या सुट्या धान्यावर तो नाही. म्हणजे पाकिटात आपण धान्याबरोबर छपाई, वाहतूक, दुकानदाराचा नफा आणि कर हे सगळे विकत घेतो.

खरेदीचा हंगामही ठरलेला आहे. नाचणी दिवाळीनंतर, शाळवाची ज्वारी आणि गहू फेब्रुवारी-मार्चनंतर. नाचणीसाठी लोंढ्याच्या माणसाला लांब जावे लागत नाही. खानापूरच्या पश्चिमेकडच्या डोंगरउतारावर ती पूर्वीपासून पिकते. एके काळी रान तोडून, जाळून कुमरी पद्धतीने तिची शेती होई. ब्रिटिश वनखात्याने त्यावर निर्बंध आणले, तरी नाचणी टिकली. ज्वारी-गव्हासाठी मात्र बेळगावची रविवार पेठ गाठावी. गुंजी, खानापूर, इदलहोंड, देसूर करत पन्नासेक किलोमीटरचा हा रेल्वेप्रवास धान्यासाठी सोयीचा आहे. दुसऱ्या वर्गाच्या तिकिटावर ३५ किलोपर्यंत सामान सोबत फुकट नेता येते. पन्नास किलोचे पोते त्यात बसत नाही. म्हणून दोघांनी जावे आणि पंचवीस-पंचवीस किलो वाटून घ्यावे.

दाणा टिकतो, पीठ टिकत नाही

बेगमीचा पाया या एका वाक्यात आहे. अख्खा दाणा जिवंत असतो. त्याचे टरफल आतल्या स्निग्धांशाला हवेपासून जपते. दळले की ते संरक्षण संपते. बाजरीचे पीठ आठवड्यात कडू लागते ते याचमुळे. ज्वारीच्या पिठाची विरी जाते आणि भाकरी थापताना कडा चिरतात. म्हणून धान्य वर्षाचे घ्यावे, पण दळण पंधरा दिवसांचेच टाकावे. गिरणीतून आलेले गरम पीठ लगेच डब्यात कोंडू नये, परातीत पसरून निवू द्यावे. नाचणी दळायची तर गव्हामागून टाकावी. नाचणीमागून गहू टाकला की पोळ्या तांबूस होतात.

साठवणीत सर्वांत भरवशाची नाचणीच. तिचा दाणा इतका बारीक की सोंड्या किड्याला आत घर करायला जागा नाही. नीट वाळवलेली नाचणी वर्षानुवर्षे टिकते. कन्नड वाचकांना इथे कनकदास आठवतील. सोळाव्या शतकातल्या या संतकवीच्या ‘रामधान्यचरित्रे’ या काव्यात भात आणि नाचणी यांचे भांडण लागते. श्रेष्ठ कोण, याचा निवाडा करायला राम दोघांनाही सहा महिने कोंडून ठेवतो. सहा महिन्यांनी पाहतात तर भाताची रया गेलेली आणि नाचणी जशीच्या तशी! मग राम तिला आपले ‘राघव’ हे नाव देतो. श्रीमंतांचे धान्य आणि गरिबांचे धान्य यांच्यातला मानापमान त्या काव्यात आहे, हे अभ्यासक सांगतातच. मला त्यात एक गृहिणीची कसोटीही दिसते. धान्याची थोरवी ताटात ठरली नाही, कोठारात ठरली.

लोंढ्यात मात्र रामापेक्षा कडक परीक्षा पाऊस घेतो. घाटमाथ्याचा हा पट्टा जून ते सप्टेंबर ओलाच असतो. भिंतींना पाझर फुटतो, मीठ पाघळते. इथे धान्य मे महिन्यात चांगले उन्हात वाळवून, निववून, घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या कोठीत भरल्याशिवाय सुटका नाही. दाणा दाताखाली ‘कट्’ असा तुटला तर वाळला समजावे. दबला तर आणखी एक ऊन द्यावे. कोठी जमिनीला किंवा भिंतीला टेकवू नये, खाली लाकडी फळी घालावी. कडुनिंबाचा वाळलेला पाला घालण्याची आपली पद्धत चांगली आहे. पण धान्यात टाकण्याच्या ज्या विषारी गोळ्या काही जण घरात आणतात, त्यांच्यापासून चार हात लांब राहावे. त्यांतून निघणारा फॉस्फिन वायू झोपलेल्या माणसांचाही जीव घेतो.

मोडाची नाचणी

पोते घरात आले की दुसरी बचत सुरू होते. बाजारात रागी माल्टचे डबे मिळतात. लेबल वाचले तर अनेक डब्यांत साखरेचा वाटा मोठा असतो. हेच माल्ट घरी सहज होते. नाचणी धुऊन रात्रभर भिजवायची, पाणी काढून ओल्या फडक्यात बांधायची. दीड-दोन दिवसांत पांढरे मोड दिसतात. मग कडक उन्हात वाळवून, हातांवर चोळून मोड झाडायचे, मंद आचेवर किंचित भाजायचे आणि बारीक दळून आणायचे. वजनात थोडी घट येते, ती हिशेबात धरावी. मोड येताना दाण्यातले विकर पिष्टमय पदार्थ फोडतात. त्यामुळे खीर गोडसर आणि पातळ राहते, आणि लहान बाळाच्या वाटीत पाणी कमी, धान्य जास्त जाते. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत नाचणीच्या माल्टवर बरेच काम झाले आहे. शंभर ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, तेवढ्याच दुधात सुमारे १२०. ‘रागी तिंदव निरोगी’ असे कन्नडमध्ये म्हणतात ते उगीच नाही.

लोंढ्यात हे काम एप्रिल-मेमध्येच उरकावे. पापड-कुरडयांच्या बरोबरीने मोडाची नाचणीही वाळवावी. पावसाळ्यात मोड आणले तर वाळण्याआधी बुरशी धरते. कुबट वास आलेली किंवा काळे-हिरवे ठिपके पडलेली नाचणी धुऊन, भाजून वापरू नये, टाकून द्यावी.

आंबिलीला मोडही लागत नाहीत. रात्री नाचणीचे पीठ पाण्यात किंवा ताकात कालवून ठेवायचे, सकाळी उकळत्या पाण्यात ओतून शिजवायचे, निवल्यावर ताक, मीठ, ठेचलेला लसूण आणि जिरे. थंडीत आंबायला वेळ अधिक लागतो, एवढेच.

परदेशात घरी बिअर करणाऱ्या हौशी लोकांचे गणित थेट असेच असते, हे वाचून मला गंमत वाटली. ब्रिटनमध्ये १९६३ साली घरच्या बिअरवरची परवान्याची अट गेली, अमेरिकेत १९७८ साली कायद्याने मोकळीक मिळाली. ही मंडळी मोड आणून वाळवलेले जव पोत्याने घेतात, दोघे-चौघे मिळून वाटून घेतात, आणि दाणा अख्खा ठेवून ऐन वेळी घरच्या चक्कीत भरडतात. कारण तेच. भरडलेले लवकर शिळे होते, अख्खे टिकते. आपल्या राज्यात परवान्याशिवाय घरी दारू गाळणे हा गुन्हा आहे, आणि आपल्याला तिची गरजही नाही. पण धान्य आंबवणारी माणसे कुठलीही असोत, पोत्याजवळ येऊन एकाच शहाणपणाला पोचतात.

बचत कोणाला परवडते?

आता वर्गात मी ज्या ठिकाणी खडू खाली ठेवते, तो मुद्दा. वरच्या हिशेबात १,८२५ रुपये वाचवायला सुगीत १२,७७५ रुपये एकरकमी लागतात. ज्याच्या हाती महिन्याचा पगार आहे त्याला ते जमते. रोजावर जाणाऱ्या बाईला जमत नाही. समजा तिने ही रक्कम महिना दोन टक्के व्याजाने उचलली आणि वर्षभर सारख्या हप्त्यांनी फेडली. सरासरी निम्मी रक्कम अंगावर राहते असे धरले, तर व्याज होते १,५३३ रुपये. १,८२५ मधून ते गेले की उरतात २९२. त्यात एक पाऊस कोठीत शिरला की तेही नाहीत. म्हणजे काटकसर कशी करावी हे गरिबाला कळत नाही असे नाही. काटकसरीला लागणारे भांडवल त्याच्याकडे नाही. रोज किलो-अर्धा किलो घेणारा माणूस वर्षाच्या शेवटी पोते घेणाऱ्यापेक्षा महाग धान्य खातो.

यावर उपाय जुनाच आहे आणि आपल्या दोन्ही भाषांत त्याला नाव आहे. महाराष्ट्राच्या बाजूला बचत गट, आपल्याकडे कर्नाटकात २०००-०१ पासून स्त्रीशक्ती संघ. दहा-बारा बायकांच्या साठलेल्या पैशातून गटाने सुगीत एकदम नाचणी आणि ज्वारी घेतली, प्रत्येकीने दरमहा आपला वाटा नेऊन पैसे भरले, तर सावकाराचे व्याज वाचते आणि पोत्याचा भावही मिळतो. गटाला पुढेमागे घरघंटीही घेता येईल. एकट्या घराला तिची किंमत वसूल व्हायला वर्षे लागतात. दहा घरांचे दळण आले तर ती लवकर सुटते. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे वर्ष भरडधान्यांचे म्हणून साजरे केले, शहरात नाचणीची बिस्किटे आणि डोसे आले. चांगलेच झाले. पण नाचणी पिकवणाऱ्या डोंगरउतारावरच्या घराला ती पाकिटातून परत विकत घ्यावी लागली, तर त्या गौरवाचा तिथे काय उपयोग?

या दिवाळीनंतर ज्यांना जमेल त्यांनी शेजारच्या दोन घरांना विचारून पाहावे. एक पोते नाचणी, तीन वाटे. मराठी घराने आंबील करावी, कन्नड घराने अंबली, आणि तिसऱ्याने हवे तर तिझान. हिशेबाची वही मात्र एकच ठेवावी, आणि ती कोणत्या भाषेत लिहायची यावर भांडू नये.